हाडं दिसत असली तरी ‘मी जाडच आहे’: घरच्यांनी काय करायचं

गणपतीला मुंबईहून आलेली काकू ओटीवर पिशव्या ठेवता ठेवता म्हणते, “काय गो, किती सुकलंस!” घरच्यांना बरं वाटतं, निदान कोणीतरी बोललं. मुलगी मात्र त्या वाक्याचा वेगळाच अर्थ लावते: जमतंय, अजून थोडं कमी करू. पुढे उपचार सुरू होतात, चेहऱ्यावर टवटवी येते आणि शिमग्याला आलेली तीच काकू कौतुकानं म्हणते, “आता बरी अंगान भरलंस.” त्या रात्री मुलगी ताटावर बसत नाही.

हा लेख अशा घरांसाठी आहे. ॲनोरेक्सिया (जाड होण्याच्या भीतीनं खाणं तोडत जाणं), बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलट्या वगैरे करून ते काढून टाकणं) किंवा त्यासारखा खाण्याचा विकार झालेल्या माणसाला स्वतःचं शरीर आहे त्यापेक्षा मोठं, बेढब दिसतं. ‘आरशात बघ जरा’ असं सांगून ते दुरुस्त होत नाही. म्हणून तिच्या नजरेशी भांडू नका. आधी पोट, मग सवयी आणि नजर सगळ्यात शेवटी, हा क्रम धरा. नजर सुधारली की ती आपोआप जेवेल, या आशेवर बरीच घरं थांबतात आणि त्यात महिने जातात. ते महिने परवडणारे नसतात.

तिला खरंच तसं दिसतं

हे नाटक नाही, हट्टही नाही. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ॲनोरेक्सिया असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांना दारासारख्या, कमीजास्त रुंदीच्या फटीतून चालायला लावलं आणि त्यांचं लक्ष दुसऱ्याच कामात गुंतवून ठेवलं. निरोगी स्त्रिया फट खांद्यांपेक्षा साधारण २५ टक्के रुंद उरली की खांदे तिरके करू लागल्या. आजारी स्त्रियांनी ती ४० टक्के रुंद असतानाच अंग चोरलं. म्हणजे ही चूक बोलण्यापुरती नाही. चालतानाही मेंदू मोठ्या शरीराचा हिशोब धरतो.

नजरेच्या चुकीखाली आणखी एक थर असतो आणि आमच्या मते तोच जास्त चिवट. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी तो या विकारांचा गाभा मानला: स्वतःची सगळी किंमत वजनावर आणि आकारावर ठरवणं. अभ्यास, मैत्रिणी, भजनातला आवाज, खो-खो, सगळं मागे पडतं आणि मोजायला एकच गोष्ट उरते. जी गोष्ट दिवसभर मोजली जाते तिच्यातच दोष दिसत राहतात.

तिसरं कारण खुद्द उपासमार. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांना आधी असा कुठलाही विकार नव्हता. तरी ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पुन्हा पुरेसं खायला मिळाल्यावर त्यांतल्या काहींनी पोट आणि मांड्या जाड झाल्याची तक्रार केली. भुकेलेल्या मेंदूला समजावून उपयोग नसतो, तो असा. तिच्या बोलण्यातला बराचसा भाग उपासमारीचा असतो आणि अन्न पोटात जाऊ लागल्यावरच तो कमी होतो.

घरात काय दिसतं

वैशाखाच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सैल ड्रेस, वर ओढणी. थंडी वाजते म्हणून आणि अंग झाकायचं म्हणूनही. केस गळणं, हातावर-पाठीवर बारीक लव, बोटं गार. पाळी तीन महिने चुकलेली. जेवताना घासांचे बारीक तुकडे, जेवण झाल्या झाल्या न्हाणीघरात जाणं आणि नळ सुरू ठेवणं. गालांच्या मागे जबड्याजवळ सूज, दात झिजलेले, बोटांच्या सांध्यांवर घट्टे. फोटो काढायचा म्हटलं की गायब, किंवा उलट, एकाच कोनातले पन्नास फोटो काढून सगळे पुसून टाकणं.

आपल्याकडे उपासाचं विशेष लक्ष ठेवावं लागतं. संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांत न जेवण्याला घरचाच मान असतो. उपास भक्तीचा आहे की आजाराचा, हे सोडताना कळतं. भक्तीचा उपास सोडताना माणूस चवीनं, पोटभर जेवतो. आजाराचा उपास सुटतच नाही, लांबत जातो आणि पंचांगात नसलेले वारही त्यात येतात. उपचार चालू असेपर्यंत सगळे उपास बंद. घरातल्या मोठ्यांनी हे एकदा स्पष्ट सांगून टाकावं म्हणजे तिला त्यावरून रोज वाद घालावा लागत नाही.

मुलगा असेल तर चित्र बहुधा उलटं दिसतं. पिळदार शरीर असूनही त्याला आपण ‘काटकुळे’ वाटतो, तो तालीम किंवा जिम चुकवत नाही, डबाभर प्रोटीन पावडर घेतो, पण घरचा भात बंद. पोरगा व्यायाम करतो म्हणून कौतुक होत राहतं आणि निदान लांबतं.

आणि एक गैरसमज सोडा: माणूस हडकुळा दिसला तरच आजार, असं नाही. बुलिमियात वजन बहुतेकदा सर्वसाधारण असतं. मूळचं वजन जास्त असलेल्या मुलीनं थोड्या काळात भरभर वजन घटवलं तर ती ‘छान’ दिसत असतानाही तिच्या हृदयाला धोका असू शकतो.

सगळ्यात आधी नाडी

मनाच्या गोष्टी नंतर. पहिल्या आठवड्यातलं काम शरीराच्या तपासणीचं.

सकाळी ती उठल्यावर पाच मिनिटं शांत बसू द्या आणि मनगटाची नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर एखाद्या ठोक्याची चूक चौपट होते. जागेपणी नाडी ५० च्या खाली असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रक्तदाब ९०/४५ च्या खाली, अंगाचं तापमान ३५.६ अंश सेल्सियसच्या खाली, किंवा आडवं असताना आणि उभं राहिल्यावर घेतलेल्या रक्तदाबात वरचा आकडा २० पेक्षा जास्त घसरणं, यांतलं काहीही आढळलं तर दाखल करण्याचा विचार डॉक्टर करतात. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, वरचेवर उलट्या, उलटीत रक्त, पाणीसुद्धा नाकारणं किंवा जीव देण्याची भाषा झाली तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘जेवत नाही’ एवढंच सांगितलं तर टॉनिक मिळतं. नेमकं सांगा: किती महिन्यांत किती वजन उतरलं, पाळी कधीपासून नाही, उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या आहेत का, स्वतःला जाड समजते का. ईसीजी, पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, साखर आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी मागा. उलट्या होत असतील तर पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि रिपोर्ट चांगले आले म्हणून निर्धास्त होऊ नका. शरीर रक्तातले आकडे शेवटपर्यंत सांभाळून धरतं.

एक धोका घरच्यांच्या मायेतूनच येतो. बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्यानं उतरतं आणि हृदय, श्वास, मेंदू यांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून अशा रुग्णाचं जेवण किती वेगानं वाढवायचं हे पहिले काही दिवस डॉक्टर ठरवतात, सोबत थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देतात आणि रक्त पुन्हापुन्हा तपासतात.

जायचं कुठे? जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय नाडी, रक्तदाब आणि पुढची चिठ्ठी यांसाठी पुरतं. मानसोपचारतज्ज्ञाची चौकशी अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात करा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या इमारतीच्या नावाला लाजून पुष्कळ घरं तिकडे जात नाहीत. तसं करू नका, दाखवायला गेलं म्हणजे कोणी ठेवून घेत नाही. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे: १४४१६ हा नंबर, दिवसरात्र, मराठीतून. पावसात घाट बंद, एसटी नाही, अशा दिवसांत तज्ज्ञाशी फोनवरून बोलणं चालू ठेवता येतं, मात्र वजन आणि नाडी गावातल्या दवाखान्यात नेमानं झाली पाहिजे.

ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, घराला बळ मिळतं. पण कौल होईपर्यंत दवाखाना थांबवू नका आणि नवस बोलताना त्यात तिचा उपास घालू नका.

शरीराबद्दल बोलणं बंद

हे सगळ्यांत सोपं दिसतं आणि सगळ्यांत कठीण जातं. ‘तू जाड नाहीस’ हेसुद्धा म्हणायचं नाही. कारण त्या वाक्यानं विषय शरीराचाच राहतो, आणि तिला दिवसातून वीस वेळा तेच विचारून खात्री करून घ्यायची सवय लागते. दोन मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा शंका.

ती म्हणाली, “माझं पोट बघ कसं सुटलंय,” तर म्हणा: “तुला आत्ता खूप त्रास होतोय, दिसतंय मला. पोटाबद्दल आपण बोलणार नाही. बस माझ्याजवळ, ताट वाढलंय.” वाक्य लहान, आवाज खाली, आणि दर वेळी तेच.

पाहुण्यांची तयारी आधीच करा. गणपतीला, लग्नाला, जत्रेला माणसं यायच्या आठवडाभर आधी फोन करून सांगा: “तिची तब्येत बरी नाही, औषध चालू आहे. बारीक, जाड, सुकली, भरली, यातलं काही बोलू नका. ताटाकडेही बघू नका. बाकी पोटभर गप्पा मारा.” कारण विचारलं तर ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढं पुरे. घरातल्या बायकांनी आपापल्या पोटाबद्दल, दंडांबद्दल कुरकुरणंही थांबवायला हवं. पोरी ते ऐकूनच मोठ्या होतात.

ताट

लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात किशोरवयीन मुलांसाठी एक पद्धत आकाराला आली. तिच्यात सुरुवातीला जेवणाचे सगळे निर्णय आई-वडील घेतात आणि मुलाची तब्येत सावरत जाईल तसे ते टप्प्याटप्प्यानं त्याच्याकडे परत देतात. कोणामुळे आजार झाला याचा शोध ती घेत नाही. एकत्र जेवणाऱ्या घरांना ही पद्धत जमू शकते, अट एकच: वाढणारं माणूस एक असावं. आईनं वाढलेलं आजीनं “नको असेल तर राहू दे गो” म्हणून कमी केलं की आजाराला फट सापडते.

दिवसात तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, दोहोंत तीन-साडेतीन तासांहून जास्त अंतर नको. सकाळी आठला आंबोळ्या किंवा घावणे, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दूध. अकराला केळं आणि शेंगदाण्याचा लाडू. एकला भात, आमटी, तळलेला बांगडा किंवा उसळ, भाजी. साडेचारला दुधाचा चहा आणि खोबरं घातलेले पोहे. आठला पुन्हा पूर्ण जेवण, झोपताना दूध. प्रमाण डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील. वजन परत आणण्याच्या काळात ते घरातल्या इतरांच्या ताटापेक्षा जास्तही असू शकतं, त्यानं दचकू नका.

कोकणातल्या स्वयंपाकात काही गोष्टींकडे लक्ष द्या. पेज पातळ ठेवू नका. तिनं पोट भरतं पण अंगी फार लागत नाही. उकड्या तांदळाचा घट्ट मऊभात करा, वर तूप घाला. सोलकढी, ताक, कोकम सरबत, शहाळं जेवणाच्या आधी नको, नंतर द्या. वाटणातलं खोबरं तिच्यासाठी वेगळं कमी करू नका. वेगळी भाजी, वेगळं ताट सुरू झालं की आजाराला घरात स्वतंत्र चूल मिळते. सुरुवातीचे काही आठवडे तिला स्वयंपाकघरापासून दूर ठेवा, ती इतरांना प्रेमानं वाढत असली तरी. वजन घटवणाऱ्या ‘नैसर्गिक’ गोळ्या घरात सापडल्या तर काढून टाका. गार्सिनिया (कोकमाच्या कुळातल्या एका फळाचा अर्क) असलेल्या अशा गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

जेवणाला अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं. ताटावर वाद नको. गप्पा मारा, टीव्ही चालू असला तरी चालेल. राहिलं तर ओरडू नका: “हे औषध आहे, मी बसलेय इथंच.” तरीही राहिलंच तर त्याऐवजी तेवढ्याच पोषणाचं दूध किंवा लाडू द्या. जेवणानंतर तासभर कोणीतरी सोबत असावं. पत्ते, मालिका, काजूगर सोलणं, काहीही.

पोट दुखतं, फुगतं, हे ती खरं सांगते. उपासमारीत पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो, म्हणून चार घासांतच दडपल्यासारखं होतं. नियमित खाण्यानं काही आठवड्यांत ते सुधारतं. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर फुगलेलं पोट तिला चरबीचा पुरावा वाटतो.

चाचपणी मोजा, मग कमी करा

वजन थोडं सावरलं की नजर बिघडवणाऱ्या सवयींकडे वळा. मनगटाभोवती बोटं जुळतात का पाहणं, बसल्या बसल्या पोटाची वळी चिमटीत धरणं, जुनी जीन्स घालून बघणं, दुकानाच्या काचेत, मोबाइलच्या काळ्या पडद्यात स्वतःला पाहणं, मैत्रिणीच्या कमरेशी तुलना. कुठलाही अवयव खूप वेळ, खूप जवळून पाहिला की तो मोठा आणि विचित्र दिसू लागतो. म्हणजे ती तपासायला जाते आणि तपासण्यानंच शंका वाढते.

पहिल्यांदा फक्त नोंद: एक साधा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस, प्रत्येक वेळी काय तपासलं, त्याआधी काय घडलं, नंतर कसं वाटलं. लिहिताना बहुतेकांना आपण हे इतक्यांदा करतो याचाच धक्का बसतो. मग एका वेळी एकच सवय घ्या. मनगट मोजणं, चिमटा काढणं यांसारख्या गोष्टी पूर्ण बंद. आरसा मात्र पूर्ण बंद करता येत नाही, त्याला वेळ आणि काम नेमून द्या: सकाळी केस विंचरायला, बाहेर जाताना कपडे नीट आहेत का पाहायला. आरसा पूर्ण उंचीचा आणि सरळ टांगलेला हवा, म्हणजे एकट्या पोटाऐवजी सगळं माणूस दिसतं. घरातला वजनकाटा उचलून ठेवा. वजन आठवड्यातून एकदा, दवाखान्यात. तो आकडा तिला सांगायचा की नाही हे उपचार करणारे ठरवतील.

काहीजणी उलट टोक गाठतात. आरसा झाकतात, अंधारात अंघोळ करतात, समुद्रावर जाणं सोडतात. न पाहिलेल्या शरीराबद्दल मन वाटेल ते कल्पून घेतं. इथं पायऱ्या पाडाव्या लागतात: आधी अर्ध्या बाह्या घरात, मग अंगणात, मग बाजारात. मग संध्याकाळी किनाऱ्यावर घोटाभर पाण्यात. एका पायरीवर भीती उतरेपर्यंत राहायचं, मगच पुढची. घट्ट झालेले जुने कपडे तिला न विचारता कपाटातून हलवू नका. तिच्यासोबत बसून, मापाचा आकडा न वाचता, आत्ताच्या अंगाला सैलसर होणारे दोन-तीन जोड आणा.

मोबाइलबद्दल वाद घालण्याआधी फिजी बेटांचं उदाहरण लक्षात ठेवा. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. अमेरिकी संशोधक ॲन बेकर यांनी शाळकरी मुलींचा अभ्यास केला, तेव्हा खाण्याविषयीची काळजी वाटावी अशी वृत्ती असलेल्या मुली १९९५ मध्ये १२.७ टक्के आणि १९९८ मध्ये २९.२ टक्के आढळल्या. आणि भरल्या अंगाला मान देणारा समाज होता तो. आज पडदा हातात असतो. तिच्याबरोबर बसून, ज्या खात्यांमुळे ती आरशाकडे धावते ती बंद करा. सगळा फोन काढून घेतला तर मैत्रिणी तुटतात आणि एकटेपणा आजाराच्याच कामी येतो.

‘आज फार जाड वाटतंय’

काल आणि आज यांत शरीर बदललेलं नसतं, तरी आज जास्त जाड वाटतं. म्हणजे दुसरं काहीतरी बदललेलं असतं. अशा वेळी तिनं वहीत तीन ओळी लिहाव्यात: किती वाजले, दहा मिनिटांपूर्वी काय झालं, अंगाला नेमकं काय जाणवतंय. दोन-तीन आठवड्यांत नमुना दिसतो. कोणी टोकलं, परीक्षेचा निकाल, वडिलांचा फोन आला नाही, पाळीच्या आधीची सूज, जेवण झाल्यावरचा भार. आपल्या किनाऱ्यावर दमट हवेचाही मोठा वाटा असतो: घामानं चिकटलेला कुर्ता, मांडीला मांडी घासणं, सलवारीची आवळलेली नाडी. त्यामुळे शरीर क्षणोक्षणी जाणवत राहतं आणि ती जाणीव ‘जाड’ म्हणून नोंदली जाते. उपाय जाणिवेवर करायचा: सैल सुती कपडे, अंघोळ, पंखा. आणि मागे राग किंवा अपमान असेल तर तो त्याच नावानं बोलणं.

आरशासमोर उभं राहून डोक्यापासून पायापर्यंत स्वतःचं वर्णन करायचा उपचारही असतो. त्यात ‘घाण’, ‘बेडौल’ असे शब्द वर्ज्य. ‘खांदे गोल, कातडी गव्हाळ, डाव्या गुडघ्यावर व्रण’, असं चित्रकाराला सांगावं तसं बोलायचं, कुठल्याच भागावर थबकायचं नाही, कुठला वगळायचाही नाही. हे तज्ज्ञासोबतच, वजन सावरल्यावर. घरी स्वतःच्या मनानं सुरू केलं तर ती पुन्हा चाचपणीच होऊन बसते.

किती दिवस, आणि मध्ये काय बिघडतं

फेअरबर्न यांच्या पद्धतीचा, बोलण्यातून विचार आणि सवयी बदलणारा उपचार साधारण २० बैठकांचा, वजन फार कमी असेल तर ४० च्या आसपास. वजन परत येताना ते आधी पोटावर आणि चेहऱ्यावर दिसतं, पायांना सूजही येऊ शकते. पुढच्या काही महिन्यांत ते अंगभर सारखं पसरतं, कधी वर्षभर लागतं. नेमक्या याच काळात तिची ‘मी जाड आहे’ ही भावना सगळ्यांत तीव्र होते, आणि याच काळात थकलेली घरं ‘आता बरी दिसते’ म्हणून ताटावरचं लक्ष काढतात. ते करू नका. वजन आलं, पाळी आली, तरी नजर मागेच असते, ती पुढे कित्येक महिन्यांनी येते.

बारावीनंतर मुलगी पुण्या-मुंबईला शिकायला जाणार असेल तर जायच्या दोन महिने आधी तिला एकेक जेवण स्वतःच्या हातानं वाढून घ्यायला द्या आणि तुम्ही फक्त सोबत बसा. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञाची पहिली तारीख प्रवेशाआधी घ्या. मेसच्या वेळा, दर पंधरा दिवसांनी वजन-नाडी कुठे होणार आणि किती वजन घटलं तर ती घरी परत येणार, हे डॉक्टरांसमोर, तिच्या संमतीनं लिहून ठेवा. एक प्रत तिच्याकडे, एक तुमच्याकडे, एक खोलीतल्या विश्वासाच्या मैत्रिणीकडे.